नभराजचा आवाज

लेख काढून टाकावा असं तिला दुपारी दोनदा वाटलं. पण तोवर नऊ हजार लोकांनी तो वाचला होता. आता काढणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बाटल्यांवर लेबलं चिकटवताना आईचा फोन आला.

"सुटलीस की थेट घरी ये. बाबांनी काहीतरी वाचलंय. सकाळपासून कागद घेऊन बसलेत, जेवलेसुद्धा नाहीत."

"कसला कागद?"

"सिनेमाबद्दल आहे काहीतरी. मला हात लावू देत नाहीत."

पुढचं लेबल तिरकं चिकटलं. ते खरवडून तिनं दुसरं लावलं.

बाबा डबिंग करायचे. आकाशात उडणारा तो परदेशी नभराज अकरा वर्षं, सात भाग आपल्या भाषेत बोलला तो बाबांच्या आवाजात. पडद्यावर त्यांचं नाव कधी आलं नाही, पण गल्लीतली पोरं त्यांना नभराजकाका म्हणत. आठव्या, शेवटच्या भागासाठी बाबा दोन महिने रोज गरम पाण्याची बाटली घेऊन घराबाहेर पडत आणि संध्याकाळी गप्प गप्प परत येत. आई म्हणायची, "घशाला ताण पडतोय, बोलायला लावू नकोस."

गेल्या शुक्रवारी सिनेमा लागला. तिघं मिळून गेले. फुटत्या धरणाखाली नभराज एकटा उभा राहिला तेव्हा सगळं थिएटर मुसमुसत होतं. बाबा मात्र पडद्याकडे कमी आणि लोकांकडेच जास्त बघत होते.

बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "आवाज कसा वाटला गं?"

"मस्त, बाबा. नेहमीसारखा."

"हं," म्हणून ते गाडीकडे चालू लागले.

आणि रविवारी तिनं तो लेख लिहिला. 'चौथी रांग' या टोपणनावानं ती प्रत्येक भागावर लिहायची. घरात कुणाला पत्ता नव्हता. अर्धा लेख तिनं जीव ओतून लिहिला. नभराज आपला फाटका पोशाख स्वतः धुऊन दोरीवर वाळत घालतो, त्या एका प्रसंगावर तिनं अख्खा परिच्छेद खर्च केला. मग खलनायक वाया घालवला, उत्तरार्ध रबरासारखा ताणला, हेही लिहिलं. तिथं थांबायला हवं होतं. पण पुढची चार वाक्यं हातून निघून गेली.

लिहिताना तिच्या मनात एकच होतं. बाबा थकलेत. त्रेसष्ट पूर्ण झाली. कुणीतरी सांगायला हवं. पण तोंडावर सांगायची हिंमत नाही, आणि जगाला ओरडून सांगायला टोपणनाव आहे! बसमध्ये तिला स्वतःचीच किळस आली. त्या आवाजावर तिचं शिक्षण झालं होतं.

ती घरात शिरली तेव्हा बाबा टेबलाशी होते. ताट झाकलेलंच होतं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्यांनी लेख छापून आणला होता.

"बस," ते म्हणाले. "हे मोठ्यानं वाच."

"सोडा ना बाबा. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

"वाच म्हटलं ना."

ती वाचू लागली. धुतलेल्या पोशाखापाशी बाबांनी मान हलवली. खलनायकापाशी हात झटकला. मग त्या चार ओळी आल्या.

"'सात भाग आपण ज्या आवाजावर जीव टाकला, तो इथं नाही. शब्द बरोबर, फेक बरोबर...'"

तिनं कागद खाली ठेवला. पुढचं बाबांनीच म्हटलं, कागदाकडे न बघता. "'पण आत माणूस नाही. नभराजच्या तोंडून कुणी परकाच बोलतोय. तो आवाज संपला.'"

त्यांना पाठ झालं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "हे मी लिहिलंय."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. आई दारात येऊन उभी राहिली.

"तू?"

"मला माफ करा. मला वाटलं होतं की तुम्ही..."

"मग त्या दिवशी नेहमीसारखा का म्हणालीस?"

"तुम्हाला लागेल म्हणून."

बाबांनी चष्मा काढला. डोळे भरून आले होते, पण ते हसत होते. तिला काही उमजेना.

"तेच तर लागलं गं," ते म्हणाले. "पाच दिवस फोन येतायत, काय सुंदर आवाज लावलाय म्हणून. म्हटलं, संपलो आपण. घरच्यांनासुद्धा फरक कळत नाही. आणि कळला तो तुला एकटीला! अगं वेडे, या वेळी त्यांनी दुसऱ्याच कुणाला तरी घेतलं. तुम्हाला कसं सांगू म्हणून दोन महिने बाटली घेऊन नुसता बागेत बसून यायचो. त्या सिनेमात मी एक शब्दही बोललेलो नाही."