लाइटचं स्पॅनिश

"साहेब, कॅटलॉगमध्ये इंग्रजीत नुसतंच 'लाइट' लिहिलंय. वजनाला हलकं, रंगाला फिकं की दिवा? स्पॅनिशमध्ये तिन्हींना वेगळे शब्द आहेत. कंपनीला विचारू का?"

अनुवादक बाईंचं बोलणं संपायच्या आत साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या ऑफिससमोर ते कडाडले, "बारा वर्षं झाली, रोज मेली तुमची एक शंका! ज्याला येत नाही तोच विचारतो!" त्याच आठवड्यात त्यांनी बाईंना नारळ दिला आणि सगळं काम सॉफ्टवेअरच्या गळ्यात मारून मोकळे झाले.

महिन्याभरात कॅटलॉग परत आला. पानोपानी लाल रेघा आणि शेवटी कंपनीचा शेरा, 'आमच्या नव्या तपासनीस बाई पास करतील, तरच काम घेऊ.' खाली त्या तपासनीस बाईंचा ऑफिसचा नंबर होता. साहेबांनी घाईघाईने फोन लावला आणि आवाजात साखर घोळली, "मॅडम, नेमकं काय काय चुकलंय, तेवढं सांगता का?"

पलीकडून ओळखीचा आवाज आला.



"साहेब, बारा वर्षं तुमच्याकडूनच ऐकलंय. ज्याला येत नाही तोच विचारतो."