चार सेकंद जास्त

माझी लेक जिनिव्हात मानवाधिकार कायदा शिकते. तिला तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत कोठडीत मेलेल्या एका पोराबद्दल बोलायचं होतं. नव्वद सेकंद झाले की माइक बंद होतो. मी निवृत्त पीटी शिक्षक, डोंबिवलीत एकटा. माझ्याकडे खो-खोचं स्टॉपवॉच आहे, म्हणून ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर भाषण वाचून दाखवायची. “बाबा, वेळेत बसलं?” तिसऱ्याच दिवशी बसलं होतं. “चार सेकंद जास्त होतायत गं. उद्या परत बघू,” मी ठोकून दिलं. उद्याही तिचा फोन यावा, एवढंच. काल मोबाइलवर तिला परिषदेत बोलताना थेट पाहिलं. तिचं संपलं तेव्हा चार सेकंद उरले. तिचा फोन आला. “शेवटी त्याच्या आईचं वाक्य काढलं, बाबा. बसतच नव्हतं ना.” ते मला पाठ होतं. स्टॉपवॉच दाबून म्हटलं, ‘पोरगं माझं स्वतःच्या पायांनी चौकीत गेलेलं, साहेब.’ चार सेकंद.