मायचं घरकुल

"साहेबानं विचारलं तं काय सांगशील, माय?" लिलाधरने पुन्हा विचारलं.

"मी वेगळी रायते. माही चूल वेगळी."

"अन् सून?"

"पाहत नाई."

"हां, असंच सांग. फक्त हसू नको."

रेवताबाई हसली नाही.

लिलाधर सकाळच्या पहिल्या एसटीने आंबागडला उतरला होता. दिवाळी झाली तसा तो हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर गेला, तो थेट आज उगवला. फोनवर माय क्वचितच भेटायची. कधी शेतावर गेलेली, कधी झोपलेली. घरकुलाच्या यादीत तिचं नाव लागल्याचं कळलं आणि त्याचा आनंद पोटात मावेना. पण अडचण होती. बापाला मिळालेल्या जुन्या घरकुलात तो, बायको, पोरी आणि माय अशी सगळी एकाच खोलीत राहायची. माय मुलाच्या पक्क्या घरात राहते असं दिसलं, की नाव कटणार.

मग त्याने फोनवरूनच बायकोला, ज्योत्सनाला, सांगून टाकलं. मागच्या गुरांच्या कोठ्यात मायची बाज टाक, चूल मांड, भांडी लाव. साहेब पाहून गेला की सगळं परत आत आणू.

त्याच्या मनात पाप नव्हतं. मायला तिची स्वतःची कोरडी खोली मिळेल, पोरींना पाय पसरता येतील, एवढाच त्याचा हिशोब. ही संधी हुकली तर पुढची यादी केव्हा लागणार आणि तोवर माय राहणार का, या विचाराने त्याचा जीव टांगणीला लागला होता.

ज्योत्सनाने काम मात्र चोख केलं होतं. त्याने कोठ्याच्या दारातूनच पाहिलं. बाज, दोरीवर लुगडी, कोपऱ्यात चूल, तांदळाचा डबा.

"तू तं कमालच केली," तो म्हणाला. ज्योत्सना पोरीची वेणी घालायला बसली.

दुपारी तालुक्याहून अभियंता चंद्रकुमार आले. मोबाईलवर फोटो काढत ते वाकून कोठ्यात शिरले.

"अशा वेगळ्या चुली आम्ही रोज पाहतो, लिलाधर," ते म्हणाले. "काल मांडलेली चूल लगेच ओळखू येते. भिंत कोरी असते."

लिलाधरची पाचावर धारण बसली. धुराचा विचार त्याच्या डोक्यातच आला नव्हता.

चंद्रकुमारांनी चुलीमागच्या भिंतीवर बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट झालं. काजळी पार कौलांपर्यंत चढलेली होती.

हिने भिंतीला तवे घासले की काय? लिलाधरला बायकोच्या डोक्याचं मनापासून कौतुक वाटलं.

"आजी, सुनेनं तुम्हाला शेवटचं कधी वाढलं?"

हे काही पढवलेलं नव्हतं.

"तुळशीच्या लग्नाले," रेवताबाई म्हणाली. "घरी पाहुणे होते म्हणून."

इतक्या सहज म्हणाली, की त्याच्या अंगावर काटा आला. झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांनी मायला कधी घेतलं नाही, हे त्यांचंच नुकसान, असं त्याला वाटून गेलं.

साहेबांचं तेवढ्याने भागेना. कुंपणापलीकडे शेजारची उषाबाई गोवऱ्या थापत होती. त्यांनी तिलाच हाक मारली. लिलाधरच्या तोंडचं पाणी पळालं. आल्यापासूनच्या धावपळीत उषाबाईला सांगून ठेवायचं राहूनच गेलं होतं.

"या आजी राहतात कुठं?"

उषाबाईने आधी ज्योत्सनाकडे पाहिलं. "कोठ्यात रायतेत जी."

चंद्रकुमारांनी मग जास्त विचारलं नाही. रेवताबाईला कोठ्यापुढे उभं करून फोटो घेतला. "होऊन जाईल काम," म्हणाले आणि मोटारसायकल सुरू करून निघून गेले.

लिलाधरचा जीव भांड्यात पडला. न सांगता शेजारीण आपल्यासाठी खोटं बोलली, या विचाराने त्याला भरून आलं. हसत हसत तो कोठ्यात गेला आणि मायची बाज उचलून खांद्यावर घेतली.

"चाल माय, झालं नाटक. आता घरात सोबतच जेवू."

ज्योत्सना घराच्या दारातून हलली नाही.

"ठेव ती बाज खाली, बापू," रेवताबाई म्हणाली. "तू हैदराबादच्या गाडीत बसला, त्याच सांजेले तिनं माही बाज इथं आणून टाकली."