थडग्यावरची रेंज

घरात वायफाय धड चालत नाही म्हणून आई पावसातही छत्री धरून गावच्या रीतीने अंगणातच बांधलेल्या बाबांच्या थडग्यावर बसून ऑकलंडला राहणाऱ्या लेकीशी, लांगीशी बोलते, असं थोरल्या मुलाला, तोमासीला वाटायचं. सुट्टीत राजधानीतून, आपियाहून गावी आल्याआल्या त्याने अंगणाकडच्या खिडकीतला राउटर मधल्या खोलीत लावून घरभर रेंज आणली. “आता लेकीशी खुशाल लोळत बोल, आई.” संध्याकाळची प्रार्थना आटोपली, चाफ्याचा वास दाटला, लांगीचा फोन आला आणि आई चटई घेऊन निघाली थडग्याकडे. तिथे आता रेंज पोचेना; फोनच्या पडद्यावर लांगी अर्धवट हसून थिजली. “घरात ये ना,” तोमासी म्हणाला. थडग्यावरची फुलं सारत आई म्हणाली, “आम्ही घरात बोललो तर यांना कसं ऐकू जायचं?” तोमासीने राउटर पुन्हा खिडकीत ठेवला. लांगीचं हसू पुरं झालं. “बाबा झोपले का गं?” आईने फोन थडग्याच्या उशाशी ठेवला. “नाही अजून. बोल.”