सैल काच

नात जन्मली त्या वर्षी रोज संध्याकाळी गल्लीत गाडी शिरली की घरातली भांडी बोलायला लागायची. आधी मांडणीवरचे पेले किणकिणायचे. मग खिडकीची काच थडथडायची. मग पाळण्यातली पोर दचकून उठायची आणि घर डोक्यावर घ्यायची.

गाडी रोज वेगळी, दणका तोच. कोपऱ्यावर गाड्यांत स्टिरिओ बसवून देण्याचं दुकान होतं. नवा स्टिरिओ बसवला की दुकानदार त्या गाडीची गल्लीतून एक फेरी मारायचा. गल्ली खड्ड्यांची. आवाज पूर्ण सोडायचा, गाडी खड्ड्यांतून न्यायची आणि कुठलं दार, कुठला पत्रा खडखडतो ते पाहायचं, ही त्याची रीत. गल्लीनं त्याचं नाव भोंग्या ठेवलं होतं.

संध्याकाळ झाली की सासरे खिडकीशी ठेवलेल्या पेटीवर येऊन बसायचे. गाडी आली की काचेवर तळवा दाबून धरायचे. काच तेवढ्यापुरती गप्प व्हायची. सासरे ठार बहिरे होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कारखान्यात बॉयलरच्या पोटात बसून पत्रे जोडायच्या रिबिटा धरल्या होत्या. घण बाहेर पडायचा, कान आत जायचे.

"स्वतःला तोफ ऐकू येत नाही," सून म्हणायची, "पण नातीची झोप मोडू नये म्हणून रोज काच धरून बसतात."

सासूबाईंना तेवढं कौतुक नव्हतं. "मी जन्मभर ओरडले, तेव्हा कधी ह्यांचा हात हलला नाही. आणि आता बघा!"

सुनेच्या नवऱ्यानं एका रविवारी काचेच्या कडेनं पुट्टी भरली. सोमवारी सासऱ्यांनी ती नखानं उकरून काढली. त्यानं पुन्हा भरली. त्यांनी पुन्हा उकरली.

"म्हातारचळ, दुसरं काय!" सासूबाई म्हणाल्या. "एका हातानं उकरायचं आणि दुसऱ्या हातानं धरून बसायचं."

मग पोरीला ताप आला. रात्रभर ती रडली, दिवसभर कण्हत राहिली. दिवेलागणीला कुठं तिचा डोळा लागला, तोच पेले किणकिणले. पोर किंचाळून उठली. सून तशीच अनवाणी गल्लीत धावली आणि गाडीच्या पुढ्यात उभी राहिली.

"बंद कर ते! आधी बंद कर!"

भोंग्यानं बटण फिरवलं. "काय झालं, वहिनी?"

"काय झालं? घरात पोर तापानं फणफणलीय. आमचे बाबा बहिरे, या वयात तुझ्यापायी रोज काच धरून बसतात. त्यांना कान नाहीत तरी त्यांना कळतं. तुला तर दोन आहेत ना?"

भोंग्यानं खिडकीकडे पाहिलं. म्हातारा खरंच काचेला हात लावून बसला होता. भोंग्याची मान खाली गेली.

"चुकलं, वहिनी. मला तोंडावर कुणी बोललंच नाही कधी. मागून नुसती नावं ठेवतात."

दुसऱ्या दिवसापासून तो गाड्या घेऊन वस्तीबाहेरच्या रस्त्याला जायला लागला. पोरीचा ताप उतरला. संध्याकाळी ती गाढ झोपायला लागली. शेजारणी सुनेला शाबासकी देऊन गेल्या.

सासऱ्यांचा चेहरा मात्र उतरला. पेटीवर येऊन बसायचे, काचेला हात लावायचे, गल्लीच्या तोंडाकडे बघत राहायचे. अंधार पडला की उठायचे. पानातला घास पानातच राहायचा. सवय जात नाही बिचाऱ्यांची, असं सुनेला वाटलं. तिनं हातानं खुणा करून सांगितलं: आता काच धरू नका, गाडी येत नाही.

खूण त्यांना कळली. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "दुकान बुडालं का त्याचं?"

सुनेनं मान हलवली. नाही.

"मग गाणी का बंद केली?" त्यांनी काचेवरून तळवा काढला आणि उलटसुलट करून पाहिला. "घण पडल्यासारखं एक होतं. ते फार चांगलं होतं. कारखाना सुटल्यापासून मला कुणी काही ऐकवलं नव्हतं. त्यानं ऐकवलं."

सून काचेकडे बघत राहिली. कडेच्या खाचेत नखाचे ओरखडे होते.

सासूबाईंच्या हातातलं निवडणं थांबलं. "अगं बाई, हे ऐकत होते होय!" त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी आपली कानाशी ओरडत बसले."

सून पोरीला कडेवर घेऊन कोपऱ्यावर गेली. तिला पाहताच भोंग्या गाडीपासून दूर झाला. "वहिनी, शप्पथ सांगतो, मी काही वाजवलं नाही!"

"तेच सांगायला आलेय," सून म्हणाली. "वाजव."

मग पोर जागी असेल तेव्हा गाडी दाराशी यायला लागली. सासरे पुढच्या सीटवर बसायचे आणि दारावर तळवा टेकायचे. त्यांना किती आवाज पुरतो ते बघत भोंग्या बटण कमी कमी करत गेला. त्यांचा तळवा दाराला होता, त्याला थोडकाच पुरला. काचा वर, आवाज लहान. मांडणीवरचा पेला हलत नसे. म्हातारा मात्र डोळे मिटून मान डोलवायचा.

नवऱ्यानं खिडकीला पुन्हा पुट्टी भरली. या वेळी ती कुणी उकरली नाही.

नात पहिल्यांदा उभी राहिली ती आजोबांच्या मांडीवर, गाडीच्या दाराला तळवा टेकून. तिनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे, आणि ती हसली. सासरे गेले ते त्याच्या पुढच्या महिन्यात, एका दुपारी.