थेंबसुद्धा नको

सांगलीत पंधरा दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती, त्यात शरच्चंद्रपंतांच्या तेलगिरणीतला हायड्रॉलिक प्रेस बंद पडला. आतला दाब धरणारा चामड्याचा वॉशर फाटला होता आणि लढाईमुळे विलायतेहून नवा येईना. शेवटी नाक मुठीत धरून पंतांनी चपला शिवणाऱ्या सोनबाला बोलावलं. महिनाभर तेलात मुरवलेलं म्हशीचं कातडं काखोटीला मारून सोनबा दारात आला.

"थांब तिथंच! आधी अंगावरचं पाणी निथळू दे. यंत्राच्या दांड्याला थेंबसुद्धा लागता कामा नये. दांडा गंजला की वॉशर फाटला, वॉशर फाटला की गिरणी बसली."

"व्हय जी."

छप्पर गळत होतं. पंत स्वतःची छत्री यंत्रावर धरून उभे राहिले आणि सोनबाने वॉशर असा बसवला की प्रेस चालू होऊन तेलाची धार लागली.

कातडं टोचायची आरी आत राहिली म्हणून तो अर्ध्या वाटेतून परत फिरला. बघतो तर सोवळं नेसलेले पंत त्याचा विटाळ धुवायला त्याच दांड्यावर गोमूत्र शिंपडून वर कृष्णेच्या पाण्याची घागर ओतत होते.

पावसाला जे पंधरा दिवसांत जमलं नाही, ते त्या घागरीने केलं. आठवडाभरात दांडा गंजला, वॉशर फाटला.

"कसलं कातडं घातलंस रे?" सोनबाला पुन्हा बोलावून पंत कडाडले. "दुसरं आण, नीट मुरवून!"




"आनतो की, सरकार. पर ह्या बारीला तेलात मुरवू, का सरळ गोमूत्रातच?"