डोळे मिटून थापड

कापसाले कोनी इचारत नव्हतं, त्या सालची गोष्ट. मोतीराम दलाल आमचा कापूस मोजून राह्यला होता. माहा हात काट्याले लागला. मले कंपवात.

"दूर हो, म्हातारे! तुह्या हातानं काटा नाचते!"

त्याचा मुनीम पोट धरून हासला.

यवतमाळच्या दवाखान्यात व्यायाम शिकवनारी रुपाली म्हने, "आजी, उठाच्या आंधी डोये मिटा. उठनं, चालनं, हात उचलनं, सारं मनात करून पाहा. मंग अंग आयकते."

मी रोज शंभर डाव डोये मिटले.

"काय केलं मनात?" रुपाली इचारे.

"पानी प्याले उठली, बाई."

मंग इलेक्शन आलं. मोतीराम दारात हात जोडून उभा. "माय, मत मलेच द्या."

मी डोये मिटले. उठली, तीन पावलं चालली, हात उचलला. जराबी थरथरला नाही. थापडीचा आवाज असा गेला, का वणीच्या खाणीतले लोक सुट्टीचा भोंगा समजून डबे घेऊन घरी निंगाले.

रुपालीले समजलं. "आजी, पानी प्याले उठता उठता हे कसं झालं?"

"ते जाऊ दे. डाव्या हाताचं कवा शिकवशीन? मुनीम राह्यला न."